अधिकाराची सीमा : सहायक मानसशास्त्रज्ञाच्या मुलाखतीची तयारी

मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन नोकरीच्या शोधात निघालेल्या उमेदवारांमध्ये असा समज दृढ आहे की, व्याख्या, सिद्धान्त आणि सिद्धान्तकारांची नावे तोंडपाठ असली म्हणजे मुलाखतीची तयारी झाली. प्राध्यापकपदासाठी हा समज काही अंशी खरा ठरेल. परंतु जिल्हा रुग्णालयात एखाद्या वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या सहायकाची निवड करताना समितीला मुख्यतः वेगळीच गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे आपण काय करू शकतो, काय करू नये आणि न करण्याजोगे काम कोणाकडे सोपवावे, हे उमेदवाराला नेमके कळते की नाही.

‘सहायक मानसशास्त्रज्ञ’ हे पदनाम मुळात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत रूढ आहे. तेथे मानसशास्त्राचा पदवीधर पात्र मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली चाचण्या घेतो, नोंदी ठेवतो आणि हा अनुभव त्याला पुढे डॉक्टरेटच्या प्रशिक्षणासाठी उपयोगी पडतो. महाराष्ट्रात या नावाची जाहिरात क्वचितच निघते. तिच्याशी मिळतेजुळते काम राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदांमध्ये ‘मानसशास्त्रज्ञ’ किंवा ‘समुपदेशक’ अशा नावांनी विखुरलेले असते : किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये, बालकांमधील विकासातील विलंब शोधणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. जाहिरातीतील पद यांपैकी कोणत्या कार्यक्रमाचे आहे, हे न पाहताच मुलाखतीला जाणारे उमेदवार कमी नसतात, आणि पहिल्या प्रश्नालाच त्यांची अडचण होते.

काय करावे आणि काय करू नये, या सीमेचा मुद्दा केवळ शिष्टाचाराचा नाही, त्याला कायद्याचा आधार आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मानसिक आजारांचे मूल्यमापन आणि मानसोपचार करण्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, ठरण्यासाठी नुसती एम.ए. पदवी पुरेशी नाही; त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेले पर्यवेक्षित प्रशिक्षण लागते. याच अधिनियमाचे कलम १०६ आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचे औषध वा उपचार सुचवण्यास मनाई करते, तर कलम २३ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखण्याचे बंधन घालते. “रुग्णाने झोपेच्या गोळीबद्दल विचारले तर काय सांगाल?” या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे कलम १०६ उभे असते.

उदाहरणार्थ, मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याचा विचार करताना या सीमेला आणखी धार येते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ११,७७,३४५ लोकसंख्येचा होता. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत, आणि हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही २०२४ मध्ये. म्हणून येथील सेवेचा भार जिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आशा कार्यकर्त्या यांच्यावर पडतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने बेल्लारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर उतरला, आणि मराठवाड्यातील आठ व विदर्भातील सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात हिंगोलीचाही समावेश होता. हा क्रम सांगता येणे चांगलेच. पण कळमनुरी तालुक्यातल्या आदिवासी वाडीतली किंवा सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरची व्यक्ती ‘नैराश्य’ असे न म्हणता जीव घाबरा होतो, डोके धरते, कामात मन लागत नाही, असे सांगते आणि अनेकदा आधी देवऋष्याकडे जाऊन आलेली असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे उत्तर अधिक वजनदार ठरते.

आकडेवारीच्या बाबतीत एक सापळा येथे नोंदवण्याजोगा आहे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि हा आकडा मुलाखतीत सर्रास फेकला जातो. मात्र ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. हा आकडा थेट हिंगोलीला लावणाऱ्या उमेदवाराने पाठांतर केले आहे, वाचन नव्हे, असे चाणाक्ष परीक्षकाने मानले तर त्याला दोष देता येत नाही.

चाचण्यांविषयीची तयारी बहुतेक जण करतात, पण अर्धवट. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषकांसाठी केलेले अनुकूलन आणि ए. जे. मालिन यांनी नागपुरात केलेले वेक्सलरच्या बालचाचणीचे भारतीय रूप, ही दोन्ही या क्षेत्रात अजून वापरात आहेत. प्रश्न असतो तो मानकांचा. मानके म्हणजे ज्या गटाच्या कामगिरीशी तुलना करून एखाद्या मुलाचे गुण ठरवले जातात ती प्रमाणित आकडेवारी. ती जुनी झाली की आजच्या मुलाचा बुद्ध्यंक आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि त्यामुळे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रास पात्र असलेले मूल वंचित राहू शकते. म्हणून बुद्ध्यंकाच्या जोडीला दैनंदिन व्यवहारातील कौशल्ये मोजणारी सामाजिक परिपक्वता मापनी का वापरतात, आणि चाचणी सहायकाने घेतली तरी अहवालाची जबाबदारी पात्र तज्ज्ञावर का राहते, हे सांगता आले पाहिजे.

सर्वांत कठीण प्रश्न जोखमीचा असतो : मनोविकारतज्ज्ञ रजेवर असताना समोरचा शेतकरी जगण्यात अर्थ उरला नाही असे म्हणाला, तर सहायकाने काय करावे? येथे सहानुभूतीची लांबलचक वाक्ये कामाला येत नाहीत. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे, कारण असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. योजना ठरली आहे का आणि साधन हाताशी आहे का, हेही विचारावे. हिंगोलीसारख्या सोयाबीन आणि हळदीच्या पट्ट्यात ते साधन बहुधा कीटकनाशक असते, आणि श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. म्हणून बाटली घरात आहे की गोठ्यात, ती आज कोण हलवणार, हे नातेवाइकांशी ठरवणे हे जीव वाचवणारे पाऊल आहे. त्यानंतर व्यक्तीला एकटे न सोडता हजर वैद्यकीय अधिकाऱ्याला तत्काळ कळवावे, वेळेसह नोंद करावी आणि घरी परतताना टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. गोपनीयतेचा नियम येथे आड येत नाही. जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती देण्यास कायद्यानेच मुभा ठेवली आहे.

या साऱ्या तयारीतील निम्मा भाग ग्रंथालयात होत नाही. उमेदवाराने मुलाखतीपूर्वी आपल्या गावच्या आशा कार्यकर्तीला भेटून, कोणाचेही नाव न विचारता, मानसिक त्रास असलेली माणसे आरोग्य केंद्रापर्यंत कशी पोहोचतात आणि कोठे गळतात, हे समजून घ्यावे. निवड समित्यांकडेही एक मागणी आहे : नेमक्या जागी “हे वरिष्ठांना विचारल्याशिवाय करता येणार नाही” असे सांगणाऱ्या उमेदवाराचे गुण कापू नयेत, कारण या पदासाठी तेच बरोबर उत्तर आहे.