मोठ्या लाकडासाठी लेथ घेताय? आधी सगळ्यात कमी वेग बघा

आजचा विषय आहे लाकडाचा लेथ. लाटणं, भोवरा, पेन हे सगळं छोट्या लेथवर आरामात होतं. पण काठवटीएवढं, समजा १६ इंच व्यासाचं भांडं कातायचं असेल तर गणितच बदलतं.

जाहिरातीत पहिला आकडा असतो ‘स्विंग’. स्पिंडलच्या मध्यापासून खालच्या बेडपर्यंत जे अंतर, त्याची दुप्पट. पण स्विंग एवढंच सांगतो की लाकूड बसेल. ते नीट फिरेल का, हे सांगत नाही. शिवाय टूलरेस्टचा पाया, म्हणजे बँजो, भांड्याखाली सरकवायचा असेल तर व्यासात तीन-चार इंच सहज कमी होतात. म्हणून दोन्ही मापं विचारा.

आता खरा मुद्दा: वेग. कातकाम करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे. व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमने गुणा, उत्तर ६,००० ते ९,००० मध्ये यायला हवं. १६ इंचाला येतात साधारण ३७५ ते ५६० आरपीएम. आणि हे तोल साधलेल्या लाकडासाठी. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा लावताना याच्याही बराच खाली सुरुवात करायची.

का? ५०० आरपीएमला त्या भांड्याची कड ताशी ३८ किलोमीटरने पळते. १,५०० ला ११५ किलोमीटर! आणि तोल गेलेल्या लाकडाचा हादरा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग तिप्पट, तर हादरा नऊपट. १६ इंच रुंद, ५ इंच जाड ओलं लाकूड १५ किलोच्या आसपास भरतं. ते सुटून तोंडाकडे आलं तर? म्हणून ज्या लेथचा सगळ्यात कमी वेगच ५००-७०० आहे, तो कितीही स्वस्त असला तरी या कामाचा नाही. फेसशील्ड तर हवीच, पण ती चुकीच्या वेगाला पर्याय नाही.

तिसरं, ताकद. कमी वेगाला मोटर दमली नाही पाहिजे. नुसत्या व्हीएफडीने वेग उतरवला तर ताकदही उतरते, आणि मोटरचा स्वतःचा पंखा हळू फिरल्याने ती तापते. म्हणून व्हीएफडीसोबत पट्टा बदलायच्या पुली आहेत का, ते बघा. या आकाराला २ एचपीची मोटर बरी. घरात सिंगल फेज असली तरी व्हीएफडीवर थ्री फेज मोटर चालते. फक्त १५-१६ अँपियरचा पॉइंट लागेल.

चौथं, वजन. बीडाचा जड लेथ हादरे पचवतो. हलका असेल तर खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा, मदत होते. पण दीड फुटी ओंडक्यासमोर पोत्यांनाही मर्यादा आहेत.

जागा कमी आहे? मग सरकणारा हेडस्टॉक बघा. तो टोकाला नेला की बेडपेक्षा मोठं लाकूडही लावता येतं. पण वेग, ताकद आणि वजन हे तीन प्रश्न तिथेही सुटत नाहीत.

तर दुकानात पहिला प्रश्न ‘स्विंग किती?’ नको. ‘सगळ्यात कमी आरपीएम किती, आणि त्या वेगाला ताकद किती?’ असं विचारा. जमलं तर लाकूड लावून चालवून दाखवायला सांगा.

तुम्हाला काय कातायचंय, किती इंचाचं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!