शंभर शिळा, शंभर नावं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिबिरात मी नेहमी कायद्यांवर बोलते. आज दगडांवर बोलणार आहे.

अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या मध्यभागी 'लूप' नावाचा भाग आहे. बँका, कचेऱ्या, दुकानं, डोक्यावरून धावणारी लोकल. मे १९९३ मध्ये एका सकाळी कामाला निघालेल्या लोकांना तिथल्या फुटपाथवर मोठमोठ्या शिळा दिसल्या. एकूण १००. चुनखडीच्या, ओबडधोबड, रातोरात आणून ठेवलेल्या. प्रत्येक शिळेवर पितळी रंगाची पाटी आणि पाटीवर एका बाईचं नाव. चबुतरा नाही, कुंपण नाही. वाकून वाचायचं आणि पुढे जायचं.

सुझॅन लेसी ही कलावंत आणि शिकागोतल्या स्त्रियांचा एक गट यांनी मिळून हे घडवलं होतं. नाव दिलं होतं 'पूर्ण वर्तुळ'. त्या उन्हाळ्यात शहरभर चाललेल्या 'कल्चर इन अॅक्शन' या कलाउपक्रमाचा तो एक भाग होता.

हे करावंसं का वाटलं? तोवर त्या शहराच्या पुतळ्या-स्मारकांत प्रत्यक्ष होऊन गेलेली बाई जवळपास नव्हतीच. बाईचं रूप मात्र होतं. लूपमधल्या धान्यबाजाराच्या उंच इमारतीवर १९३० पासून सेरेस ही धान्यदेवता उभी आहे. तिला चेहराच नाही. इतक्या उंचावरचा चेहरा कोणाला दिसणार, असं शिल्पकाराला वाटलं म्हणे! देवी म्हणून बाईला शिखरावर बसवायचं आणि माणूस म्हणून तिचं नाव कुठेच लिहायचं नाही, हे आपल्याला काही नवीन नाही. आपल्या कथेत तर अहल्येची शिळा होते आणि तिचा उद्धार दुसऱ्याच्या पायाने होतो. इथे शिळेलाच बाईचं नाव मिळालं.

नावं कोणाची होती? शंभरातल्या दहाजणी इतिहासातल्या, उरलेल्या नव्वद त्या वेळी हयात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण बाईचा गौरव करतो तो ती गेल्यावर, फोटोला हार घालून. जिवंतपणी तिचं काम 'तिचं कर्तव्य' असतं.

दहाजणींत जेन अॅडम्स होती. समाजकार्याचं शिक्षण घेताना पहिल्याच सत्रात मला हे नाव भेटलं. १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर तिने शिकागोच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत 'हल हाउस' सुरू केलं आणि ती तिथेच राहिली. १९३१ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. वस्तीत राहून काम करायच्या याच परंपरेतलं नेबरहूड हाउस क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला काढलं. १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा समाजकार्य संस्थेचे पहिले संचालकही तेच. म्हणजे तो धागा आपल्यापर्यंत पोचतो.

उन्हाळा संपताना, ३० सप्टेंबरला, हल हाउसमध्ये चौदा स्त्रिया जेवायला एकत्र बसल्या. शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस हुएर्ता, इजिप्तच्या नवाल अल सादवी, आपल्या देवकी जैन अशा देशोदेशीच्या. त्यानंतर शिळा रस्त्यावर राहिल्या नाहीत.

मग उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण कायमचं स्मारक तरी कुठे सुरक्षित असतं? १९९६ मध्ये शिकागोच्या तळ्याकाठी जेन अॅडम्सचं स्मारक झालं. लुईस बूर्जवा हिने काळ्या दगडात कोरलेले हात. त्यांची मोडतोड झाली. दुरुस्त करून २०११ मध्ये ते दुसऱ्या बागेत बसवावे लागले. दगड आपोआप आठवण ठेवत नाही. ती माणसांनाच राखावी लागते. आणि शंभरच का, बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. तो उरलाच पाहिजे. नावं निवडायला बायका एकत्र बसतात तेव्हाच कळतं, की किती जणींना आपण मोजलेलंच नाही.

मी काम करते त्या वस्तीतली गोष्ट सांगते. तिथल्या नळकोंडाळ्यासाठी एका मावशींनी तीन वर्षं खेटे घातले. बायकांना गोळा केलं, अर्ज लिहवून घेतले, मोर्चात पुढे राहिल्या. पाणी आलं तेव्हा पाटी लागली ती उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांची. शिकागोची गोष्ट मी वस्तीच्या बैठकीत सांगितली, तेव्हा एक पोरगी उठली आणि तिने नळाशेजारच्या भिंतीवर गेरूने मावशींचं नाव लिहिलं. मावशी आधी रागावल्या. "माझं कशाला? मी एकटीनं केलं का?" मग म्हणाल्या, "लिहायचंच तर समद्यांचं लिवा." त्या दिवशी अकरा नावं झाली. पावसात ती धुऊन गेली. दिवाळीच्या आधी बायकांनी ती परत लिहिली, तेव्हा चौदा होती.

आज संध्याकाळी आपापल्या गटात बसाल तेव्हा प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका बाईचं नाव सांगायचं. हयात असलेल्या. तिने काय केलं ते एका वाक्यात. आणि घरी गेल्यावर ते नाव गावाच्या वाटेवर, चारचौघांना दिसेल अशा जागी लिहायचं. तिला विचारून.