कोठीपोटातील आंबण आणि तिचे विष

मनमाड आणि भोवतालचा नांदगाव, येवला, चांदवड हा टापू पर्जन्यछायेत येत असल्याने येथे कडब्याची टंचाई नवी नाही. मात्र खरिपाचा मका खळ्यावर आला की घरात धान्य मुबलक आणि दावणीला वैरण अपुरी, अशी स्थिती होते. दावे सुटलेल्या गाईने रात्रीतून मक्याच्या ढिगात तोंड घातल्याने, किंवा लग्नघरातील उरलेला भात व पोळ्या कोणी मायेने गव्हाणीत टाकल्याने जो आजार उद्भवतो, त्यास आम्लधर्मी अपचन म्हणतात.

गाईच्या जठराच्या चार कप्प्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तेथे सूक्ष्मजीव वैरण आंबवतात आणि रवंथ करताना गिळली जाणारी क्षारयुक्त लाळ आम्ल मारत राहते, म्हणून तेथील सामू, म्हणजे आम्लतेचे माप, साधारणतः ६ ते ७ असतो. पिष्टमय खाद्य एकाएकी वाढले की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू माजतात, आम्लता वाढेल तसा घटणारा सामू ५ च्याही खाली उतरतो, रवंथ थांबते आणि अंगातील पाणी कोठीपोटात ओढले गेल्याने डोळे खोल जातात. डाव्या भकाळीवर मूठ दाबली असता आत पाणी हिंदकळते, आणि पातळ, आंबूस शेणात मक्याचे दाणे अख्खे दिसतात.

खरा घात त्यापुढचा आहे. आम्लाने मरणाऱ्या जीवाणूंच्या आवरणातून अंतर्विष मोकळे होते व होरपळलेल्या अस्तरातून रक्तात शिरते. त्याच वाटेने गेलेल्या जंतूंमुळे यकृतात गळवे होतात, खुरांच्या आतला भाग सुजतो, आणि काही आठवड्यांनी दिसणाऱ्या लंगडण्याचे मूळ त्या एका रात्रीत असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

धान्य खाल्लेले जनावर पहिले काही तास ठणठणीत दिसते, आणि नेमका हाच वेळ मोलाचा असल्याने लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे, तोवर सुका कडबा द्यावा, पोटभर पाणी एकदम पाजू नये. पोटफुगी समजून तेल पाजल्याने आम्ल कमी होत नाही, उलट अशक्त जनावराच्या फुफ्फुसात ते जाण्याचा धोका असतो. पशुवैद्यक आम्लनाशक देतात, शिरेतून सोड्याचे द्रावण सोडतात, कधी निरोगी गाईच्या कोठीपोटातील रस पाजतात.

दुभत्या गाईचा खुराक दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, मका पिठासारखा न दळता जाडाभरडा ठेवावा, आणि संध्याकाळी गोठ्यात निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसतात की नाही, हे रोज पाहावे.