महिन्याची सुई
(शोळिंगनल्लूर येथील सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी व्यसनाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण एका संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका आईने मला बाजूस घेऊन विचारले होते, "डॉक्टरबाई, महिन्याला एक इंजेक्शन असते म्हणे. ते दिले की सुटेल का हो?" गावाकडे कोणास कळू नये, एवढीच तिची दुसरी विनंती होती. (तपशील मी बदलले आहेत, कृपया तर्क करीत बसू नये.) त्या गर्दीत अर्धवट राहिलेले उत्तर आज देते.

गर्द, अफू, काही तीव्र वेदनाशामक गोळ्या ही सारी मेंदूतील एकाच जागी जाऊन बसतात. ती जागा रिकामी पडली की अंग मोडून येते, झोप उडते. गर्दुल्ले त्यास 'टर्की' म्हणतात. ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध तीच जागा धरते, पण तिचे काम अर्धेच करते. टर्की शमते, पूर्वीची धुंदी मात्र येत नाही. जिभेखाली ठेवण्याची त्याची गोळी आपल्याकडे पुष्कळ वर्षे आहे आणि मुख्य भिस्त अजून तिच्यावरच आहे. परंतु गोळीचा निश्चय रोज नव्याने करावा लागतो. एखादी सकाळ चुकते आणि तेवढ्यात जुना मित्र दारात उभा राहतो! म्हणून पोटाच्या कातडीखाली टोचून औषधाचा साठा करावयाचा आणि तो महिनाभर हळूहळू रक्तात उतरू द्यावयाचा, ही युक्ती निघाली. अमेरिकेत २०१७ साली तिला मान्यता मिळाली.

दुसरे औषध नाल्ट्रेक्सोन. हे त्या जागेस कुलूपच घालते. महिन्याच्या सुईच्या रूपात अफूच्या व्यसनासाठी ते अमेरिकेत २०१० पासून आहे. मात्र आधी सात ते दहा दिवस शरीर नशेपासून मुक्त हवे. नाहीतर टर्की उसळून येते. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट ही की, सुई मध्येच सोडली तर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारी मात्रा आता प्राण घेऊ शकते. त्या आईला हे सांगावयाचे राहिले, याची मला आजही रुखरुख आहे.

"एक व्यसन सोडवून दुसरे लावता," असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी त्या घरातील पगार कोठे जात होता आणि आता कोठे जातो, एवढे पाहावे.

सुई महिन्यातून एकदाच. उरलेल्या दिवसांचे काय? चेन्नईत १९८० साली शांती रंगनाथन यांनी, पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचटांनी, पु. ल. व सुनीताबाईंच्या साहाय्याने, जी केंद्रे उभी केली, त्यांनी हे दिवस बोलण्याने भरले. रुग्णाशी, आणि तितकेच त्याच्या घरच्यांशीही. आपण मात्र गावाकडे पत्रात 'सर्व कुशल' लिहितो.

सभा संपल्यावर मी चहाच्या टेबलापाशी थांबेन. ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी यावे. नाव सांगण्याची गरज नाही.