परक्यासाठी मागितलेला हक्क
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी, वधूवरांची सूची हे विषय ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर शोभून दिसतात. जगातील मानवी हक्कांच्या चळवळीचे येथे काय प्रयोजन, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आमच्या मते हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. ज्ञातीतील एखादे कुटुंब अडचणीत आले म्हणजे आपण धावून जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु जो आपला कोणीच लागत नाही, त्याच्यासाठी कोणी धावावे? या प्रश्नाचा जगात जो विचार झाला, तो आज आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

दि. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी तीस हरकत घेतली व तेथे ‘सर्व मानव’ असे म्हणावे, असा आग्रह धरला. तो मान्य झाला. एका भारतीय स्त्रीने सुचविलेला हा पालट आजही त्या जाहीरनाम्यात कायम आहे.

तथापि जाहीरनाम्यामागे माणसे उभी राहिली तरच त्यास बळ येते. २८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात पीटर बेनेन्सन या वकिलाने विस्मरणात गेलेल्या कैद्यांविषयी एक लेख लिहिला. केवळ आपली मते वा श्रद्धा यांपायी निरनिराळ्या देशांत छळ सोसणाऱ्या माणसांची हकीगत त्यात होती. ही मोहीम एक वर्ष चालावी, एवढीच मूळ कल्पना होती. परंतु तिच्यातून ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली आणि १९७७ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले.

या संस्थेचे मुख्य साधन म्हणजे साधे पत्र. सामान्य स्त्रीपुरुष गटागटाने एकत्र बसत आणि परदेशातील मंत्र्यास किंवा तुरुंगाधिकाऱ्यास सभ्य भाषेत विचारीत : अमुक मनुष्यास का डांबले आहे? त्याचा खटला केव्हा चालणार? त्याची प्रकृती कशी आहे? एका पत्राने फारसे काही होत नाही. पण पत्रांचा ओघ सुरू झाला म्हणजे या माणसाकडे जगाचे लक्ष आहे, हे अधिकाऱ्यास कळून चुकते. ज्याची कोणी विचारपूस करीत नाही, त्याला नाहीसे करणे फार सोपे असते.

प्रारंभीच्या काळातील त्यांचे दोन नियम आम्हांस विशेष मननीय वाटतात. प्रत्येक गटाकडे तीन कैदी सोपविले जात : एक पाश्चात्त्य देशांतील, एक साम्यवादी देशांतील व एक तिसऱ्या जगातील. आणि कोणत्याही गटाने स्वतःच्या देशातील कैद्याचे काम हाती घ्यावयाचे नाही. आपल्या पक्षाचा तेवढा निरपराध, ही वृत्ती बळावू नये, हा त्यामागील हेतू होता.

त्या पहिल्या लेखात अंगोलाचे डॉक्टर व कवी आगोस्तिन्यो नेतो यांचे नाव होते. त्यांना कैदेत टाकणारी पोर्तुगीज सत्ता म्हणजे त्या वेळी आपल्या गोमंतकावर राज्य करणारीच सत्ता. तिच्याच कैदेत मोहन रानडे १९५५ पासून होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले व १९६९ च्या जानेवारीत सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारख्यांनी जी खटपट केली, तिचा मराठी माणसास सदैव अभिमान वाटावा. परंतु रानडे आपले होते. नेतो आपले कोणी नव्हते; जुलूम मात्र एकाच सत्तेचा होता.

याच्या पुढची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९७५ साली नेतो स्वतंत्र अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९७७ च्या मे महिन्यातील उठावानंतर त्यांच्याच राजवटीने फार मोठ्या संख्येने माणसे ठार मारली. त्याबद्दल २०२१ साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर क्षमा मागितली. कालचा बंदिवान उद्याचा तुरुंगाधिकारी होऊ शकतो. म्हणून हक्क मागावयाचा तो माणसासाठी, पक्षासाठी नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या हंसाबाईंनी जगाच्या सनदेत ‘मानव’ आणला, त्यांनी स्वतः ज्ञातीबाहेर विवाह केला होता व त्यापायी नागर ज्ञातीचा रोष ओढवून घेतला होता. वाळीत टाकणे ही आपल्याकडील जुनी शिक्षा. लग्नकार्यास कोणी येत नाही, दुःखाच्या प्रसंगी दाराशी कोणी फिरकत नाही, प्रेतास खांदा मिळत नाही. ही भिंतींवाचूनची कैदच होय. मुंबई विधिमंडळाने १९४९ साली तिच्याविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. पुढे २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम चालविली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे.

अंगोलातील कैद्यासाठी कळवळणे एक वेळ सोपे आहे. वाळीत पडलेल्या कुटुंबाची बाजू घेणे त्याहून कठीण. कारण ते आपले असताही चार जणांनी त्यास परके ठरविलेले असते, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यास त्याच चार जणांच्या पंक्तीला बसावयाचे असते. ज्ञातिसंस्थेची खरी परीक्षा तेथेच होते.

म्हणून आमची एकच विनंती आहे. जातीबाहेर विवाह केला, किंवा पंचांपुढे मान तुकविली नाही, म्हणून आपल्या सभासद-सूचीतून कोणाचे नाव गळले आहे काय, हे कार्यकारी मंडळाने पुढील वार्षिक सभेपूर्वी तपासून पाहावे. असे एक जरी कुटुंब आढळले, तरी अध्यक्षांच्या सहीने त्यास आमंत्रणाचे चार ओळींचे पत्र धाडावे. जगातील अनोळखी माणसांनी अनोळखी कैद्यांसाठी हजारो पत्रे लिहिली. आपणांस एवढे एक पत्र जड जाऊ नये.