मॉरिशस की श्रीलंका?
(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानात केलेले भाषण. छापताना थोडे आवरले आहे.)



परदेश सहल कशी ठरवावी यावर बोला, असं कमिटीनं सांगितलं. मी एकदाच परदेशात गेलोय, तेही आठ दिवस. त्यामुळे सहलीवर मला फार बोलता येणार नाही. पण ती ठरवायला आम्हाला चार महिने लागले, त्यावर मात्र हक्कानं बोलू शकतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांना ते चार महिने पाठ असतील.

झालं असं. मागच्या दिवाळीत आमची एक ठेव पिकली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं, मे महिन्यात. मी म्हटलं, आता पैसे हलवायचे नाहीत. तर ती म्हणाली, "अहो, ऑपरेशन झाल्यावर मी कशी चालीन ते देवाला माहीत. आत्ता जेवढं चालतंय तेवढ्यात एकदा समुद्रापलीकडं न्या." बेचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही तिसरी गोष्ट. पहिली शिलाई मशीन, दुसरी या सोसायटीतला फ्लॅट.

माझं मन मॉरिशसवर. कारण उघड आहे. सगळी नोकरी कारखान्याच्या शेतकी विभागात गेली. बारामती-इंदापूरच्या शिवारात आडसाली लागणीच्या नोंदी करत फिरलो, डाव्या कालव्याच्या कडेकडेनं मोटारसायकली झिजवल्या. मॉरिशस म्हणजे उसाचा देश. पाम्प्लमूसला जुन्या साखर कारखान्याचंच संग्रहालय केलंय. चोथ्यापासून वीज करण्यात ते लोक आपल्या किती तरी आधीपासून आहेत. आणि तो ऊस लावला कुणी? १८३४ पासून आपल्याकडून करारावर नेलेल्या मजुरांनी. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ती माणसं उतरली तो अप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. त्यांत बिहारची माणसं जास्त, पण आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडचीही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. मला वाटायचं, जावं आणि एखाद्या उसाच्या बांधावर उभं राहून कुणाशी तरी मराठीत दोन शब्द बोलावं.

सौ.चं मन श्रीलंकेवर. मी विचारलं का, तर म्हणाली, "रेडिओ." तिचं माहेर भीमाकाठचं, पळसदेवच्या बाजूचं. तिचे वडील दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लावायचे आणि वाड्यातली माणसं अंगणात बसायची. पुढं उजनीचं धरण झालं, गाव पाण्यात गेलं, अंगणही गेलं. रेडिओ तेवढा बैलगाडीतून नव्या गावठाणात आला. आता नुसत्या रेडिओसाठी कुणी परदेशी जातं का? मी हसलो. हसायला नको होतं. पुढचे दोन दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज होता.

मग मी कागद घेऊन बसलो. सवयच ती. एका सहल कंपनीचा मुलगा दोन्ही देशांची रंगीत पुस्तकं देऊन गेला होता. दोन्हींत तोच निळा समुद्र, तोच नारळ, तेच टोपी घातलेलं जोडपं. त्यावरून काही ठरत नाही. ठरलं ते कॅलेंडरवरून. आम्हाला ऑपरेशनच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीतच जाणं भाग होतं. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, तिथं तेव्हा उन्हाळा, आणि जानेवारी ते मार्च हे नेमके चक्रीवादळांचे महिने. वादळ येईलच असं नाही, पण आलं तर हॉटेलच्या खोलीत बसायचं. तिथं जायचं तर मे ते नोव्हेंबर बरं. श्रीलंकेत उलट. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया या बाजूला फेब्रुवारी कोरडा. तुम्ही मे-जूनमध्ये निघालात तर मात्र त्या बाजूला पाऊस गाठेल, तेव्हा त्रिंकोमालीकडं, पूर्व किनाऱ्याला जा. बेटावर दोन बाजूंना दोन पावसाळे आहेत, हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं.

पैशांचं म्हणाल तर आम्हाला मॉरिशसचा खर्च जवळपास दुप्पट सांगितला होता. विमानच सहा तासांचं. कोलंबोला मुंबईहून अडीच-तीन तास, म्हणजे बारामतीहून मुंबईचं विमानतळ गाठायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. आणि आपल्या एका रुपयाला तिथले तीनहून जास्त मिळतात, तर मॉरिशसचा एक रुपया घ्यायला आपले जवळजवळ दोन जातात. हे सगळं मांडून मी सौ.ला म्हटलं, हिशेबानं श्रीलंका निघते. ती म्हणाली, "हिशेबानं निघाली म्हणून नेताय होय?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही.

गेलो. सिगिरियाच्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ती खाली बागेत झाडाखाली बसली, मी अर्ध्यातून परत आलो, आणि वर जाऊन आल्याचं सांगितलं. (हे तिला आज कळतंय.) ती माळकरी, त्यामुळं जेवणात जपावं लागलं. तिकडं खोबऱ्याच्या सांबोलात आणि भाज्यांतसुद्धा सुक्या मासळीचा चुरा घालतात. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, मासळीचं नाव घेऊन विचारावं लागतं. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाच दिवस पुरली.

कँडीहून नुवारा एलियाला जाताना घाटात ड्रायव्हरनं गाडी थांबवली. खाली मोठं पाणी. कोत्मले धरण, म्हणाला, १९८५ चं. मोडक्या हिंदी-इंग्रजीत त्यानं सांगितलं की त्याच्या आईचं गाव या पाण्याखाली आहे, आणि एक जुना बौद्ध विहारसुद्धा. पाणी उतरलं की तो वर दिसतो.

आमच्या पळसनाथाचं देऊळ असंच आहे, हे इथं भिगवण-इंदापूरकडच्यांना सांगायला नको. सौ. गाडीतून उतरली. कठड्याला धरून उभी राहिली. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. तिनं त्याला विचारलं, "कब दिखता है?" तो म्हणाला, बारिश नहीं होती तब. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आपल्यासारखंच. दुष्काळ पडला की माहेर दिसतं."

त्या दिवशी पाणी भरलेलं होतं. काही दिसलं नाही. तरी आम्ही तिथं अर्धा तास होतो, तिचे गुडघे दुखायला लागेपर्यंत. ड्रायव्हरनं त्याच्या आईला फोन लावून दिला. त्या बाई सिंहलीत काहीतरी बोलल्या, ही मराठीत बोलली. काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक.

ऑपरेशन मे महिन्यात झालं, आता ती जिना स्वतः उतरते. लिफ्ट बंद असते तेव्हा तर उतरावंच लागतं, कमिटीनं नोंद घ्यावी. मॉरिशसचे सगळे कागद माझ्या कपाटात जपून ठेवलेत. कुणाला हवे असतील तर संध्याकाळी सातच्या आत यावं, नंतर आमच्याकडं टीव्ही सौ.च्या ताब्यात असतो.