विरजणापासून माणसापर्यंत

आम्ही चाकूर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. एरवी आम्ही इथं कर्ज, हप्ता, व्याज यांचं बोलतो. आजचा विषय शाळेतला आहे, पण शेवटी तो आमच्याच दारात कसा आला ते ऐका.

ज्या घरी आमची बैठक भरते, तिथली लेक यंदा दहावीला आहे. आम्ही वहीत पैसे मांडतो तेव्हा ती कोपऱ्यात बसून मोठ्यानं वाचते. एका बैठकीला ती विज्ञानाच्या पुस्तकातला ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ हा धडा वाचत होती. दह्याचं नाव ऐकलं आणि आमच्या माना तिकडं वळल्या. आम्ही म्हटलं, "बाळा, आम्हालाही सांग."

मग कळलं, की आपण रात्री कोमट दुधात विरजण लावतो म्हणजे जिवाणूंची पेरणीच करतो. लॅक्टोबॅसिलस नावाचे हे जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दूध घट्ट होतं. थंडीत दही लागत नाही, कारण गारठ्यात ते सुस्तावतात. उकळत्या दुधात विरजण घातलं तर मरून जातात. आपल्या आजीला जिवाणू हा शब्द माहीत नव्हता, पण करंगळी बुडवून दूध किती कोमट हवं ते तिला बरोबर कळत होतं.

दुसऱ्या बैठकीला आमच्यातली एक काकू सोयाबीनचं रोप मुळासकट घेऊन आली. ओढून उपटलं तर मुळं तुटतात, म्हणून खुरप्यानं मातीसह काढलेलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. आजवर कुणाला तो रोग वाटायचा, कुणाला कीड. पोरीनं नखानं एक गाठ फोडली, तर आत गुलाबी! या गाठींत रायझोबियमच्या कुळातले जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन घेऊन झाडाला खत पुरवतात आणि झाड त्यांना साखर देतं. दोघांचा व्यवहार आपल्या गटासारखाच, देणंही आहे आणि घेणंही. बियाण्याला जे जिवाणू खत चोळतात, ते याचसाठी. त्याचं पाकीट उन्हात ठेवलं तर आतले जीव मरतात आणि आपण नुसती पावडर चोळत बसतो.

त्या गुलाबी रंगाची गोष्ट तर आम्हाला फार आवडली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन हे त्याचं दूरचं भावंड. सोयाबीनच्या मुळात आणि आपल्या शिरांत एकाच घराण्याचा पदार्थ आहे. आमची एक म्हातारी सदस्य म्हणाली, "म्हंजी सोयाबीन बी आपल्या भावकीतलंच की!" हसलो सगळ्या, पण ती खरंच बोलली होती.

कारण पुढचा धडा भावकीचाच होता, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यातले कोटी कोटी वर्षांचे आकडे डोक्यात बसेनात. तेव्हा आम्ही एक नऊवारी लुगडं अंगणात पसरलं. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं, म्हणजे एक वार बरोबर ५० कोटी वर्षं. पहिले दोन वार जवळजवळ कोरेच. तिसऱ्या वारात पहिले जीव दिसतात, दह्यातल्या जिवाणूंसारखे, एका पेशीचे. पुढं कितीतरी वार पृथ्वीवर फक्त डोळ्यांना न दिसणारेच जीव होते. डोळ्यांना दिसतील असे प्राणी पदराच्या शेवटच्या वारात, सव्वा वारात. पदराच्या टोकापासून पाच इंचांवर, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले. त्याच सुमाराला दख्खनवर लाव्हा वाहत होता. त्याचा खडक झाला आणि तो झिजून आपली काळी माती झाली. आणि माणूस? आपल्यासारख्या माणसाला तीन लाख वर्षं झाली. लुगड्यावर ती शेवटच्या एक-दोन धाग्यांत मावतात.

माणूस माकडापासून झाला, असं आम्ही सगळ्या म्हणत होतो. ते तसं नाही. चिंपांझी आणि आपण चुलत भावंडं. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एकच होते, मग वाटा वेगळ्या झाल्या. आणि जुने प्राणी काही परदेशातच होते असं नाही. आपल्या मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातल्या हारवाडीला, हत्ती आणि पाणघोड्यासारख्या प्राण्यांची दगड झालेली हाडं मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती तपासली. ज्या मांजरेत आपण उन्हाळ्यात पाणी शोधतो, तिथं एके काळी पाणघोडे डुंबत होते!

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग आम्ही विचारलं, जीव बदलतात तरी कसे? पोरगी म्हणाली, "बोंडअळीचं आठवा." औषध फवारलं की बहुतेक अळ्या मरतात. एखाद-दुसरी जात्याच चिवट असते, ती वाचते. पुढची पिलावळ तिचीच, म्हणून तीही चिवट. असं होत होत औषध लागू पडेनासं होतं. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. जिवाणूंमध्ये हे फारच भराभर घडतं, कारण त्यांच्या पिढ्या भराभर होतात. म्हणून प्रतिजैविकाचा डोस अर्धवट सोडू नये, असं तिनं सांगितलं.

एवढं ऐकताच आमच्यातली एक ताई उठली आणि काही न बोलता घरी गेली.

तिला क्षयरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून औषध सुरू होतं. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं, आणि तिनं गोळ्या बंद केल्या. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "बरं वाटत होतं, मग कशाला खायच्या? गोळ्यांनी मळमळायचं, रोजानं जाता येईना." जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही बैठकीत माझा कप वेगळा ठेवत होता. मला वाटलं, गोळ्या बंद झालेल्या दिसल्या की कप एक होईल."

मैत्रिणींनो, त्या वेळी आम्हाला तिच्याकडं बघवेना. कप वेगळा आम्हीच ठेवला होता. क्षयाचे जंतू खोकल्यातून, हवेतून पसरतात, कपबशीतून नाही. खिडकी उघडी ठेवणं, खोकताना तोंडावर पदर धरणं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करणं, ही खरी काळजी होती. ती सोडून आम्ही कप विसळत बसलो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगाला दाखवला. पण औषध नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय अवघं २१. पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडायला १९४३ साल उजाडलं. ते एकटंच दिलं तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे व्हायचे. म्हणून आता तीन-चार औषधं एकत्र आणि साधारणपणे सहा महिने देतात. एकाला चुकवलेला जंतू दुसऱ्याला सापडावा, हा त्यातला हिशेब. मध्येच सोडलं तर उरतात ते चिवट. डॉक्टर असून आनंदीबाईंना जे मिळालं नाही, ते आपल्याला फुकट मिळतं. शिवाय निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी ताईबरोबर दवाखान्यात गेलो. तिचा बेडका पुन्हा तपासायला दिला. निकाल येईपर्यंतचे दिवस फार जड गेले. औषध अजून लागू पडतं असं कळलं, तेव्हा तिच्याआधी आम्हीच रडलो. उपचार पुन्हा सुरू झाले. मळमळ डॉक्टरांना सांगितली, त्यावरही उपाय मिळाला. बुडालेल्या रोजाचा ताण नको म्हणून त्या महिन्यांचा तिचा हप्ता गटानं पुढं ढकलला. तसा ठराव वहीत लिहिला आहे.

जाता जाता आणखी एका बाईंचं सांगतो. इरावती कर्वे १९२७ साली जर्मनीत शिकायला गेल्या. तिथं त्या काळी गोऱ्या माणसाची कवटीच श्रेष्ठ, असं मानणारे मोठे विद्वान होते. बाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या हातात घेऊन मोजल्या आणि वंशावरून तसा फरक दिसत नाही, असं आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध लिहून दिलं. आज विज्ञानही हेच सांगतं, की पृथ्वीवरची सगळी माणसं आफ्रिकेतल्या एकाच मुळातली, त्या शेवटच्या धाग्यातली. आम्ही हे ऐकलं आणि आमच्या कपाकडं पाहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी दहावीची लेक असेल तर तिला मोठ्यानं वाचायला सांगा. विरजण लावताना, खुरपताना तिच्या पुस्तकातलं तिला दाखवा आणि कळलं नाही ते तिलाच विचारा. आणि कुणाच्या उशाशी अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांचं पाकीट दिसलं, तर त्या बाईला रागावू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

आमच्या ताईच्या गोळ्या अजून तीन महिने चालतील. बैठकीत चहा येतो तेव्हा सगळे कप एकाच ताटात असतात, आणि ती हाताला येईल तो उचलते.